‘पायोनियर गर्ल’ : वहीत राहिलेल्या आठवणी आणि पुस्तकातली सरहद्द

१/
१९३० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या मॅन्सफील्ड गावी त्रेसष्ट वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीने आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून पूर्ण केल्या. स्वस्त, रूळ मारलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल एवढेच साहित्य. प्रकरणे पाडलेली नव्हती. लिखाणाला नाव मिळाले ‘पायोनियर गर्ल’. प्रकाशकांनी ते एकामागून एक नाकारले. तब्बल ८४ वर्षांनी, २०१४ मध्ये, साउथ डकोटा राज्याच्या इतिहास संस्थेने ते टिपांसह प्रसिद्ध केले.

२/
ही स्त्री म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७). नकारानंतर लॉराबाईंनी त्याच आठवणींतून मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. १९३२ ते १९४३ या काळात ‘लिटल हाऊस’ मालिकेची आठ पुस्तके आली आणि अमेरिकेच्या घराघरांत पोचली. ओसाड माळरान, एकटे कुटुंब, कुणापुढे हात न पसरता उभे केलेले घर : सरहद्दीचे हे चित्र पिढ्यान् पिढ्यांच्या मनात रुजवण्यात या पुस्तकांचा वाटा मोठा आहे.

वही आणि पुस्तके शेजारी ठेवली की मात्र एक गोष्ट लक्षात येते. वहीतल्या कुटुंबाला वारंवार कुणीतरी सावरलेले आहे. पुस्तकांत ते सावरणारे हात बरेचसे पुसले गेले आहेत.

३/
आधी ‘सरहद्द’ या शब्दाविषयी. अमेरिकी इतिहासात ‘फ्रंटियर’ म्हणजे दोन देशांमधली सीमारेषा नव्हे. तेथील जनगणना खात्याच्या लेखी, जिथे दर चौरस मैलामागे दोनपेक्षा कमी माणसे राहतात तो प्रदेश सरहद्दीपलीकडचा. १८९० च्या जनगणनेनंतर अशी सलग रेषा आता उरली नाही, असे जाहीर झाले. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने त्यावर आपला प्रसिद्ध सिद्धान्त उभा केला : अमेरिकी स्वभाव सरहद्दीवर घडला. ज्या मोजणीवर ही रेषा ठरे, तिच्यात मूळनिवासी मात्र बहुतांशी धरलेच जात नसत.

४/
या सरकत्या रेषेला कायद्याचे इंधन होते. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. थोडे नोंदणी शुल्क भरायचे, पाच वर्षे जमिनीवर राहायचे, ती कसायची; मग १६० एकरांची मालकी मिळे. पुढच्या काळात या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे मंजूर झाले आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन खासगी मालकीत गेली. एका देशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाचे हे वाटप होते. लॉराचे वडील चार्ल्स इंगल्स हे याच लाटेवर पश्चिमेकडे सरकत राहिलेले गृहस्थ.

५/
वहीची सुरुवात कॅन्ससपासून होते. १८६९ मध्ये इंगल्स कुटुंब विस्कॉन्सिनमधले घर सोडून कॅन्ससच्या आग्नेय भागात आले. येथे होमस्टेड कायदा लागूच नव्हता. ती ओसेज लोकांची राखीव भूमी होती. चार्ल्स यांनी तिच्यावर ओंडक्यांचे घर बांधले तेव्हा त्या जमिनीवर त्यांचा कोणताही कायदेशीर हक्क नव्हता. त्यांच्यासारखी शेकडो कुटुंबे तिथे घुसली होती. आज ना उद्या सरकार ओसेजांना हलवील आणि जमीन आपल्याला मिळेल, हा त्या सर्वांचा हिशेब होता.

६/
त्या वेळी लॉराचे वय दोन ते चार वर्षे. म्हणजे कॅन्ससच्या ‘आठवणी’ बऱ्याचशा आईवडिलांनी आणि थोरली बहीण मेरी हिने सांगितलेल्या. प्रसिद्ध कादंबरीत ते घर इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते अंतर सुमारे तेरा मैल होते. आकडा छोटा वाटतो, पण त्याने चित्र बदलते. चाळीस मैलांवरचे कुटुंब एकटे असते. तेरा मैलांवरच्या कुटुंबाला बाजार, शेजार आणि वैद्य उपलब्ध असतो.

७/
आणि वैद्य होताच. १८७० च्या जनगणनेत इंगल्स कुटुंबाच्या शेजारी डॉ. जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय वैद्याची नोंद सापडते. कुटुंबाला हिवतापाने गाठले तेव्हा त्यांनीच उपचार केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉराच्या धाकट्या बहिणीचा, कॅरीचा, जन्म त्याच घरात झाला. यादवी युद्ध संपून पाच वर्षे झाली होती. अशा काळात एका गोऱ्या वसाहतकरी कुटुंबाचा जीव कृष्णवर्णीय डॉक्टरच्या हाती सुरक्षित राहिला. ही आठवण वहीत आहे, आणि सुदैवाने कादंबरीतही टिकली आहे.

८/
ओसेजांची बाजू तिथल्या सरकारी एजंटाच्या अहवालात दिसते. रानगव्यांच्या शिकारीहून परतलेल्या ओसेजांना आपल्या घरांत परके लोक बसलेले आढळत. कबरी उकरून लुटल्या जात. लॉराच्या घरी येऊन अन्न मागणारे ओसेज या पार्श्वभूमीवर पाहिले की ‘आगंतुक पाहुणा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर उलटे होते.

जुलै १८७० मध्ये काँग्रेसने ही जमीन सव्वा डॉलर एकराने वसाहतकऱ्यांना विकण्याचा कायदा केला. सप्टेंबरमध्ये ओसेजांनी त्याला संमती दिली. विक्रीच्या पैशातून त्यांनी आजच्या ओक्लाहोमात चेरोकींकडून नवी भूमी विकत घेतली. इंगल्स कुटुंबाने ती सव्वा डॉलरची जमीन घेतली नाही. विस्कॉन्सिनचे घर विकत घेणाऱ्याला पैसे फेडता आले नाहीत, ते घर परत मिळाले, आणि कुटुंब १८७१ मध्ये माघारी गेले.

९/
या प्रकरणाला एक उत्तरार्ध आहे. कॅन्ससवरच्या कादंबरीच्या (१९३५) आरंभी त्या प्रदेशाचे वर्णन करताना तिथे ‘माणसे’ नव्हती, फक्त इंडियन होते, अशा आशयाचे विधान होते. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकांकडे हरकत घेतली. लॉराबाईंना कळवण्यात आले. त्यांनी ती आपली चूक म्हणून मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकरी’ हा शब्द आला. विधानाला १७ वर्षे झाली होती. तोवर ते कुणाही संपादकाला खटकले नव्हते.

१०/
पुढचा मुक्काम मिनेसोटा. १८७४ मध्ये कुटुंब वॉलनट ग्रोव्हजवळ, प्लम क्रीक या ओढ्याकाठी आले. पहिले घर म्हणजे काठाच्या उतारात खोदलेली खोली. छत गवताच्या ढेकळांचे. गहू डोलू लागला आणि टोळधाड आली. रॉकी पर्वतातील या टोळांनी १८७३ ते १८७७ अशी सलग पाच वर्षे मिनेसोटाचे शेतकरी नागवले. पिके तर गेलीच. जमिनीत घातलेल्या अंड्यांतून पुढच्या वर्षीचे संकटही पेरले गेले. चार्ल्स मजुरी शोधत पूर्वेकडे पायी निघाले, कारण जिथे टोळ नव्हते तिथेच कापणी होती.

११/
कादंबरी येथे थांबते : बापाचे कष्ट, आईचा धीर, देवावरचा भरवसा. दप्तर पुढचे सांगते. १८७५ च्या अखेरीस चार्ल्स इंगल्स यांनी आपण पूर्णपणे निर्धन आहोत, असे लिहून सही केली आणि सरकारी मदतीचे पीठ घेतले. हे पीठ मिळवण्यासाठी ही कबुली सक्तीची होती.

१८७६ मध्ये राज्यपाल झालेल्या जॉन पिल्सबरी यांना तर अशी मदतही नकोशी होती. तिने लोक परावलंबी होतील, असे त्यांचे मत. टोळांच्या निवारणासाठी त्यांनी २६ एप्रिल १८७७ हा सार्वजनिक प्रार्थनेचा दिवस जाहीर केला.

१२/
यानंतरची दोन वर्षे कादंबऱ्यांतून सबंध गळाली आहेत. वहीत ती आहेत. १ नोव्हेंबर १८७५ रोजी लॉराला भाऊ झाला, फ्रेडी. पुढच्या ऑगस्टमध्ये, दहा महिन्यांचा होण्याआधीच तो गेला. कुटुंब आयोवातील बर ओक गावी एका हॉटेलात काम करायला गेले. त्या हॉटेलच्या दारावर बंदुकीच्या गोळ्यांची भोके होती. आधीच्या मालकाच्या मुलाने दारूच्या नशेत बायकोवर झाडलेल्या त्या गोळ्या. शेजारी दारूचा गुत्ता. डॉक्टरांच्या पत्नीने तर लॉराला दत्तक मागितले.

१३/
शेवटी घरभाडे थकले, घरमालक ऐकेना, आणि चार्ल्स रात्रीच्या अंधारात बिऱ्हाड गाडीत भरून गाव सोडून निघाले. पुस्तकातल्या ‘पा’ या आदर्श पित्याला हे साजणारे नव्हते. मालिकेत फ्रेडी नाही, बर ओक नाही, आणि बर ओकमध्ये जन्मलेली सर्वांत धाकटी ग्रेस एका पुस्तकात अचानक घरात दिसू लागते.

वॉलनट ग्रोव्हला परतल्यावर अकरा-बारा वर्षांची लॉरा हॉटेलात भांडी घासू लागली, वाढू लागली, कुणाची मुले सांभाळू लागली. सरहद्दीवरचे घर बापाच्या नांगरावर चालते, ही समजूत आहे. या घरात एका मुलीची मजुरीही येत होती.

१४/
१८७९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आजारपणात मेरीची दृष्टी गेली. कादंबरीत त्याचे कारण स्कार्लेट फीवर असे दिले आहे. २०१३ मध्ये वैद्यकीय संशोधकांनी वही, पत्रे आणि तत्कालीन वृत्तपत्रे तपासून मेंदू व त्याच्या आवरणाचा विषाणुजन्य दाह अधिक संभवतो, असे मत मांडले.

दुसरी गोष्ट : चार्ल्सना डकोटा प्रदेशात रेल्वेच्या कामावर हजेरी आणि हिशेब ठेवण्याची नोकरी मिळाली. कंत्राटदार त्यांच्या बहिणीचा नवरा होता. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची वाट पश्चिमेकडे चालली होती. १८७९-८० चा हिवाळा कुटुंबाने सर्वेक्षकांसाठी बांधलेल्या घरात काढला. १८८० मध्ये रेल्वेशी संलग्न कंपनीने माळावर भूखंड आखले आणि डी स्मेट हे गाव जन्माला आले. म्हणजे आधी रूळ, मग गाव, मग शेत.

१५/
आणि मग आला तो हिवाळा. १८८० च्या ऑक्टोबरच्या मध्यावरच पहिले हिमवादळ धडकले. इंगल्स कुटुंब शेतावरची झोपडी सोडून गावातल्या इमारतीत आले. वादळांमागून वादळे येत राहिली. खिंडीसारख्या खोदलेल्या भागांत रूळ बर्फाखाली गाडले जात. मजूर ते मोकळे करीत आणि पुढचे वादळ ते पुन्हा बुजवी. जानेवारीत गाडी बंद पडली ती थेट मे महिन्यात सुरू झाली.

कोळसा संपला. माळावर झाडे नव्हती. लोक वाळल्या गवताचे घट्ट पीळ करून शेगडीत जाळू लागले. पीठ संपले तेव्हा कॉफी दळायच्या छोट्या हातयंत्रात गहू दळायचा. एका भाकरीपुरते पीठ होईतो दुसऱ्याने पीळ वळत बसायचे. रॉकेल, साखर, मांस यांचे नाव नको. गाव उपासमारीच्या कडेला आले तेव्हा अल्मांझो वाइल्डर (पुढे लॉराचा पती) आणि त्याचा एक तरुण सोबती बर्फातून घसरगाड्या हाकत दूरच्या एका वसाहतकऱ्याकडून गहू घेऊन आले.

१६/
स्मृतीने वाढवून सांगितलेली ही कथा आहे का? २०२० मध्ये हवामानशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून या हिवाळ्याची तीव्रता मोजली. लॉराबाईंचे वर्णन त्या नोंदींशी चांगलेच जुळते. तापमान, वादळांचा क्रम, बर्फाचे प्रमाण, सर्वच दृष्टींनी तो हिवाळा असाधारण होता. कॅन्ससच्या आठवणींत दोन वर्षांची मूल बोलत होती. येथे चौदा वर्षांची मुलगी बोलते आहे. एकाच व्यक्तीच्या आठवणींचे वजन वयानुसार, प्रसंगानुसार वेगवेगळे धरावे लागते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

१७/
पण येथेही एक गाळणी लागली आहे. वहीप्रमाणे त्या घरात इंगल्स कुटुंब एकटे नव्हते. जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे तरुण जोडपे त्यांच्याकडे राहत होते. त्यांना मूलही त्याच हिवाळ्यात झाले. लॉराच्या आठवणीत जॉर्ज हा आळशी आणि खादाड. शेगडीजवळची जागा त्याची, कामाच्या वेळी मात्र तो मागे. ‘द लाँग विंटर’ (१९४०) या कादंबरीत हे तिघेही नाहीत. कुटुंब बर्फाशी एकट्याने लढते. कथा त्याने घट्ट होते, यात शंका नाही. मात्र उपासाच्या दिवसांत परक्यांना घरात ठेवून घेण्याचा जो मोठेपणा लॉराच्या आईवडिलांनी दाखवला, तो तिच्याच पुस्तकातून नाहीसा झाला.

१८/
मेरीच्या शिक्षणाची गोष्टही अशीच. कादंबऱ्यांत तिला अंध विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पाठवण्यासाठी घर पैसा पैसा जमवते. लॉरा शर्ट शिवून रोजाचे २५ सेंट कमावते, सोळा वर्षांची होण्याआधीच शिक्षिका होते. लॉराचे कष्ट खरे आहेत. परंतु मेरीने १८८१ ते १८८९ या काळात आयोवातील विंटन येथे शिक्षण घेतले, तेव्हा तिची फी आणि राहण्याजेवणाचा खर्च डकोटा प्रदेशाच्या सरकारी तिजोरीतून होत होता. प्रदेशात अंधांसाठी शाळा नव्हती, म्हणून ही सोय केलेली होती. घरावर भार होता तो कपड्यांचा आणि प्रवासाचा. हे सरकारी अनुदान कादंबऱ्यांत कुठेच येत नाही.

१९/
हे गाळले का गेले? एक कारण वाङ्मयीन. मुलांच्या पुस्तकात मृत अर्भक, दारुडे आणि रातोरात पलायन नको असायचे. दुसरे कारण काळाचे. ही पुस्तके महामंदीच्या वर्षांत लिहिली गेली. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ‘न्यू डील’ धोरण लाखो कुटुंबांना सरकारी साह्य देत होते. लॉराबाईंना ते धोरण पसंत नव्हते. त्यांची कन्या रोझ वाइल्डर लेन, जिने या पुस्तकांचे संपादन व पुनर्लेखन केले, ती तर त्याची कडवी विरोधक. १९४३ मध्ये तिने व्यक्तिस्वातंत्र्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ज्यांनी सरकारच्या मदतीवाचून दिवस काढले असे पूर्वज या दोघींना हवे होते. मदतीचे पीठ त्या चित्रात बसत नव्हते.

२०/
लॉराबाईंनी ही गोष्ट अगदीच लपवली असे मात्र नाही. १९३७ मध्ये डेट्रॉइट येथील पुस्तक मेळ्यात बोलताना त्यांनी स्पष्ट केले होते की आपण सांगितले ते सारे खरे आहे, पण संपूर्ण सत्य ते नव्हे. आठवणी वाचणाऱ्याने पहिल्या भागावर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढेच दुसऱ्या भागाकडे लक्ष द्यावे.

२१/
त्याच डकोटा प्रदेशातून, त्याच दशकातली, आणखी एका स्त्रीची बालपणीची आठवण उपलब्ध आहे. झिटकाला-शा यांचा जन्म १८७६ मध्ये यँक्टन राखीव भूमीत झाला. १८८४ मध्ये, आठव्या वर्षी, मिशनऱ्यांनी त्यांना इंडियाना राज्यातल्या निवासी शाळेत नेले. लाल सफरचंदांच्या बागांचे आमिष त्यांना दाखवण्यात आले होते. शाळेत पहिल्याच दिवशी केस कापण्याचा घाट घातला गेला. त्यांच्या समाजात आखूड केस असत ते सुतकातल्या माणसाचे आणि भ्याडाचे. ती मुलगी पलंगाखाली लपली. तिला ओढून काढून खुर्चीला बांधले आणि वेण्या कापल्या. या आठवणी १९०० साली ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात आल्या.

त्याच १८८४ मध्ये सतरा वर्षांची लॉरा डकोटातल्या वसाहतकऱ्यांच्या मुलांना शिकवत होती. एकीच्या आठवणीत प्रदेश वसत जातो, दुसरीच्या आठवणीत तोच प्रदेश हातातून सुटत जातो.

२२/
ज्या जमिनीसाठी हा सारा खटाटोप झाला तिचे पुढे काय झाले? चार्ल्स यांनी पाच वर्षांची अट पुरी करून डी स्मेटजवळच्या १६० एकरांची मालकी मिळवली. १८९२ मध्ये ती विकून टाकली. त्याआधीच ते गावात राहायला गेले होते. लॉरा आणि अल्मांझो यांचे १८८५ मध्ये लग्न झाले. दुष्काळ, कर्ज, घटसर्प, तान्ह्या मुलाचा मृत्यू आणि घराला लागलेली आग यांनी त्यांची शेती बुडाली. १८९४ मध्ये ते डकोटा सोडून मिसुरीला गेले. कन्येच्या आठवणीनुसार त्यांच्याकडे शंभर डॉलरची एक नोट होती, लिहिण्याच्या पेटीत दडवलेली.

२३/
तेव्हा सरहद्दीवरच्या आठवणी वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. सांगणारी व्यक्ती त्या वेळी किती वर्षांची होती? तिने हे कोणत्या वर्षी आणि कुणासाठी लिहिले? आणि जनगणना, शपथपत्र, हवामानाची नोंद अशा कोरड्या कागदांत त्याच घटनेविषयी काय आहे?

या प्रश्नांनी लॉराबाईंची उंची कमी होत नाही. वहीतली लॉरा भुकेली आहे, भांडी घासते, भावाचा मृत्यू पाहते, कर्जबाजारी बापाबरोबर रात्री गाव सोडते, आणि तरीही त्या बापाचे व्हायोलिन तिला आयुष्यभर ऐकू येत राहते. पीठ सरकारने दिले, नोकरी आत्याच्या नवऱ्याने दिली, औषध डॉ. टॅन यांनी दिले, गहू शेजाऱ्यांनी आणला. कुटुंब जगले ते या सर्वांमुळे. आणि ज्या जमिनीवर ते जगले, ती आधी कुणाची होती याची नोंद १८७० च्या जनगणनेच्या कागदावरच सापडते : ही भूमी ओसेजांची आहे, वसाहतकऱ्यांचा तिच्यावर हक्क नाही, असे मोजणीदाराने तेव्हाच लिहून ठेवले होते.